भिंत हलते, पण कोणाच्या जोरावर?

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात हृदयविकाराची बोलणी ‘पंपिंग’ या एका शब्दाभोवती फिरतात. पंपिंग तीसवर आलंय, स्टेंट टाकल्यावर चाळीस झालं, आता आणखी खाली जायला नको. हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे डाव्या निलयात, जेवढे रक्त भरते त्यातले एका ठोक्याला किती बाहेर फेकले जाते त्याचा हा टक्का. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. टू-डी इकोच्या रिपोर्टात या आकड्याच्या आसपास आणखी एक ओळ असते, ‘आरडब्ल्यूएमए’ अशी अक्षरे असलेली. हृदयाच्या भिंतीचा अमुक भाग नीट हलत नाही, एवढाच तिचा अर्थ. घरचे लोक आकडा पाठ करतात आणि ओळ सोडून देतात. आजाराची हकीकत मात्र त्या ओळीत असते. दोघांचे पंपिंग ३५च असेल. पण एकाच्या भिंतीचा पुढचा भाग मेलेला आणि उरलेली भिंत धडधाकट, तर दुसऱ्याची सगळी भिंत चहूबाजूंनी सारखीच थकलेली. आकडा एक, आजार दोन. भिंतीची ही हालचाल एमआरआयने तपासण्याचे शास्त्र गेल्या चार दशकांत कुठवर आले, त्यातले किती पक्के आणि किती कच्चे, आणि २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरारसारख्या शहराला त्याचा नेमका उपयोग काय, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. भिंत हलताना दाखवणे हे एमआरआयचे मोठे काम नव्हे. ते काम इको स्वस्तात करते. हालचाल आपल्याला कुठे फसवते हे दाखवणे, हे त्याचे खरे काम.

भिंतीच्या हालचालीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १९३५ सालचे आहे. टेनंट आणि विगर्स या दोन अमेरिकी संशोधकांनी कुत्र्याच्या हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बांधून पाहिली. काही क्षणांतच त्या धमनीच्या वाट्याची भिंत आकसायची थांबली आणि पुढच्या ठोक्यांना उलट बाहेर फुगू लागली. रक्त तुटले की स्नायू लगेच संप करतो, ही गोष्ट त्या प्रयोगाने डोळ्यांना दाखवली. पुढे १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावात एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिले आणि इकोचा जन्म झाला. मग लक्षात आले की रक्त कमी पडू लागले की घडामोडी एका क्रमाने होतात: आधी स्नायूत पोचणारे रक्त घटते, मग भिंत सैल पडायला कुरकुर करते, मग तिचे आकसणे बिघडते, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि छातीत दुखते ते सगळ्यात शेवटी. म्हणजे दुखण्याची वाट पाहणारा माणूस सर्वांत उशिरा जागा होतो, आणि भिंत पाहणारा त्याच्या आधी. या क्रमावरच ताण देऊन केलेल्या तपासण्यांची, ट्रेडमिलपासून डोब्युटामिनच्या इंजेक्शनपर्यंतची, सगळी इमारत उभी आहे.

पण ‘हलते ती जिवंत, हलत नाही ती मेलेली’ असे समीकरण मांडले की घोटाळा सुरू होतो. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होडी वर ओढणाऱ्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. दहा जणांनी दोरीला हात घातला आहे. आठ जण जीव खाऊन ओढताहेत, दोघांचे हात नुसते दोरीवर आहेत. लांबून पाहणाऱ्याला दहाही जण मागे सरकताना दिसतात. हृदयाच्या भिंतीत हेच होते. व्रण पडलेला, मेलेला तुकडा शेजारच्या निरोगी स्नायूच्या ओढीने आत सरकतो आणि पडद्यावर ‘हलताना’ दिसतो. उलट फसगतही तेवढीच मोठी. हृदयविकाराचा झटका येऊन रक्त पुन्हा सुरू झाले तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, बधिर पडून राहतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये या अवस्थेकडे लक्ष वेधले. रक्त महिनोन्महिने तुटपुंजे मिळत असेल तर स्नायू खर्च आटोपता घेऊन गप्प बसतो, मरत नाही. उन्हाळ्यात जमिनीत दडी मारून बसलेल्या बेडकाची आठवण यावी अशी ही अवस्था. ती वैद्यकाच्या गळी उतरवली शाहबुद्दीन रहिमतूला यांनी, आणि त्यांचा जन्म मुंबईचा, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. तिसरी फसगत स्नायूचा काही दोष नसताना होते. डाव्या बाजूची विद्युतवाहिनी अडली की दोन निलयांमधला पडदा अवेळी झटका देतो. बायपास झालेल्या माणसाचा तोच पडदा उलट्या दिशेने झुलतो. डोळा ‘बिघाड’ म्हणतो आणि स्नायू निर्दोष असतो.

एमआरआय या गोंधळात कसे उतरते, ते आता पाहू. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण मोठ्या चुंबकात ठराविक पद्धतीने वागतात आणि रेडिओलहरींनी डिवचले की उत्तर देतात. ते उत्तर जागेप्रमाणे वेगळे ओळखण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये छापली, तिला पीटर मॅन्सफिल्ड यांनी वेग दिला, आणि २००३ चे नोबेल दोघांना मिळून गेले. मेंदू किंवा गुडघा पडून राहतो, हृदय पडून राहत नाही. म्हणून छातीला ईसीजीच्या तारा लावून यंत्र प्रत्येक ठोक्याचा आरंभ पकडते, रुग्णाला दहा-बारा सेकंद श्वास रोखायला सांगते आणि त्या अवधीतल्या अनेक ठोक्यांचे तुकडे जोडून एकाच ठोक्याचा पंचवीस-तीस चौकटींचा चित्रपट तयार करते. हृदयाचे काकडीसारखे आडवे काप धरायचे, साधारण आठ मिलिमीटर जाडीचे, टोकापासून झडपांपर्यंत दहा-बारा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००२ मध्ये या कापांवर सतरा भागांचा नकाशा ठरवून दिला. वरच्या वर्तुळात सहा, मधल्यात सहा, खालच्यात चार आणि टोकाचा एक. तेव्हापासून मुंबईतला वाचणारा आणि टोकियोतला वाचणारा ‘सातवा भाग’ म्हटले की एकच जागा समजतात. एक गोष्ट मात्र विसरू नये: हा चित्रपट एका ठोक्याचा नसतो, शिवलेला असतो. ठोके अनियमित असले, आलिंद, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, थरथरत असले, की शिवण उसवते आणि चित्र धुरकट होते. ‘सर्वांत अचूक तपासणी’ असा शिक्का मारणारी पत्रके ही बाब बारीक अक्षरांतही छापत नाहीत.

कडेच्या रेषा पाहून आत किती सरकले आणि जाडी किती वाढली एवढेच कळते. दोरीवरचे रिकामे हात ओळखायचे तर भिंतीच्या अंगावरच खूण हवी. शस्त्रक्रियेत धातूचे मणी टोचून प्राण्यांवर असे प्रयोग झाले होते, पण माणसाच्या हृदयात मणी कोण टोचणार? १९८८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये एलियास झरहूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकानेच खूण करण्याची युक्ती काढली. ठोक्याच्या सुरुवातीला स्नायूच्या काही पट्ट्यांचे चुंबकत्व क्षणभर मारून टाकायचे. चित्रात तिथे काळ्या रेषा उमटतात आणि स्नायू जिथे जाईल तिथे त्या त्याच्याबरोबर जातात. पुढच्याच वर्षी लिऑन अ‍ॅक्सेल आणि लॉरेन्स डॉगर्टी यांनी या रेषांची जाळी झटपट टाकण्याची पद्धत दिली. चौकड्यांचे कापड पिळले की चौकडी तिरकी होते, तशी ही जाळी ठोक्यागणिक वाकते. निरोगी हृदय नुसते आत येत नाही. टोक एका दिशेला आणि बूड दुसऱ्या दिशेला वळते, ओले धोतर पिळावे तसे. जाळीने हे जिवंत माणसात, एकही टाका न घालता दाखवले. चौकट तिरकी झाली तर स्नायू स्वतः काम करतोय. चौकट जशीच्या तशी राहून नुसती जागा बदलली तर तो ओढला जातोय. हालचाल आणि आकसणे यांतला फरक इथे पहिल्यांदा मोजता आला.

या पद्धतीचे पुढे काय झाले, ती कथा थोडी खेदाची आहे. रेषा ठोक्याच्या शेवटाकडे विरून जातात, मोजणी किचकट, वेळ जास्त. १९९९ मध्ये उस्मान आणि प्रिन्स यांची गणिती पद्धत आली, त्याच सुमारास प्रत्येक बिंदूचे विस्थापन थेट नोंदणारी ‘डेन्स’ पद्धत आली. दोन्ही सरस, दोन्ही मुख्यतः प्रयोगशाळेत राहिल्या. रोजच्या वापरात शिरले ते ‘फीचर ट्रॅकिंग’. यात वेगळे चित्र घ्यावेच लागत नाही. साध्या चित्रपटातल्या कडांचा माग संगणक काढतो आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे आकसण्याचा टक्का छापून देतो. सोय मोठी आहे. पण संगणक पाहतो कडेकडे, स्नायूच्या गाभ्याकडे नव्हे, म्हणजे ज्या फसगतीतून सुटण्यासाठी जाळी विणली तिच्याच दारात आपण परत आलो. संपूर्ण निलयाच्या लांबीतला स्ट्रेन या पद्धतीने बऱ्यापैकी भरवशाचा मिळतो. सतरापैकी एका भागाचा आकडा मात्र दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा येतो. एका भागाच्या स्ट्रेनवर आज कोणी बायपासचा निर्णय घेत असेल तर तो घाई करतो आहे, असे मी म्हणेन.

भिंतीच्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर आले ते हालचालीच्या बाहेरून. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले की ते निरोगी स्नायूतून निघून जाते, पण पेशी मरून जिथे व्रण झाला तिथे रेंगाळते. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतले तर व्रण पांढरा लखलखतो आणि जिवंत स्नायू काळा राहतो. रेमंड किम यांच्या गटाने २००० साली ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तपुरवठा सुधारण्याआधी त्यांनी प्रत्येक भागाची हालचाल आणि व्रणाची खोली नोंदली, नंतर पुन्हा हालचाल पाहिली. नीट न हलणाऱ्या पण व्रण नसलेल्या ३२९ भागांपैकी २५६, म्हणजे ७८ टक्के, सुधारले. ज्या ५८ भागांत भिंतीच्या जाडीच्या पाऊण हिश्श्याहून अधिक व्रण होता, त्यांतला सुधारला फक्त एक. पडद्यावर दोन्ही प्रकारचे भाग सारखेच ढिम्म दिसत होते. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित हाती लागतो. आणि त्याची खुबी कशात आहे पाहा: हालचालीचा चित्रपट आणि व्रणाचे छायाचित्र एकाच बैठकीत, त्याच कापांवर, भागाला भाग जुळवून मिळते. इको हालचाल दाखवील, अणुवैद्यकातली तपासणी जिवंतपणा दाखवील, पण दोघांचे नकाशे एकमेकांवर बसवताना हात थरथरतो.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जिवंत स्नायू शोधून त्याला रक्त दिल्याने माणूस जास्त जगतो का? २०११ मध्ये आलेल्या ‘स्टिच’ या चाचणीत पंपिंग ३५ किंवा त्याखाली असलेले १,२१२ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे सहाशे जणांत स्नायूचा जिवंतपणा तपासला होता. ज्यांचा जिवंत होता त्यांनाच बायपासचा जास्त लाभ झाला, असे काही दिसले नाही. २०२२ च्या ‘रिव्हाइव्हड’ चाचणीत ७०० रुग्णांत जिवंतपणा सिद्ध करूनच त्यांतल्या सुमारे निम्म्यांना स्टेंट घातले, तरी मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होण्याचे प्रमाण स्टेंटवाल्यांत ३७.२ टक्के आणि नुसत्या औषधांवाल्यांत ३८ टक्के, म्हणजे फरक नाही. मग हा सगळा खटाटोप कशाला? दोन उत्तरे आहेत, दोन्ही अर्धीमुर्धी. स्टिचमध्ये जिवंतपणा तपासला तो अणुवैद्यकाने किंवा डोब्युटामिन इकोने, एमआरआयने नव्हे. हे खरे असले तरी पळवाटेसारखे आहे, कारण रिव्हाइव्हडमध्ये बहुतेकांची तपासणी एमआरआयनेच झाली होती. दुसरे उत्तर अधिक वजनदार. रिव्हाइव्हडच्या पुढच्या विश्लेषणात दिसले की जिवंत पण गप्प स्नायू किती यावरून रुग्णाचे भवितव्य ठरले नाही. मेलेला स्नायू किती यावरून ठरले. म्हणजे एमआरआयचे चित्र खोटे नव्हते, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ‘स्टेंट घालू का?’ याचे उत्तर भिंतीकडून सरळ मिळत नाही. ‘या माणसाला पुढे धोका किती?’ याचे मिळते. स्टिचचा दहा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये लागला तेव्हा बायपासवाल्यांत मृत्यू ५८.९ टक्के आणि औषधवाल्यांत ६६.१ टक्के निघाले, हेही जाता जाता नोंदवायला हवे. पाच वर्षांत न दिसलेला फायदा दहा वर्षांत दिसला.

दुसरा आक्षेप रोजच्या व्यवहारातला: इको असताना एमआरआय कशाला? बहुतेक वेळा खरोखरच नको. इको खाटेजवळ येते, मिनिटांत होते, झडपा उत्तम दाखवते, एका ठोक्याचे चित्र एका ठोक्यातच घेते. इकोची अडचण छातीची आहे. लठ्ठ माणूस, फुफ्फुसे फुगलेला जुना विडीवाला, छातीवर शस्त्रक्रिया झालेला, यांच्यात ध्वनीला वाट मिळत नाही आणि भिंतीचा अर्धा भाग तंत्रज्ञाच्या अंदाजावर भरला जातो. बर्लिनमध्ये नागेल यांच्या गटाने १९९९ मध्ये २०८ रुग्णांवर डोब्युटामिनचा ताण देऊन दोन्ही तपासण्या केल्या. धमनीतला अडथळा पकडण्याची शक्ती इकोत ७४ टक्के आणि एमआरआयमध्ये ८६ टक्के. निरोग्याला निरोगी म्हणण्याची ७० आणि ८६. ब्रिटनच्या सीई-मार्क अभ्यासात, २०१२ मध्ये, ७५२ रुग्णांवर अणुवैद्यकाशी तुलना झाली आणि आजार पकडण्यात एमआरआय ८६.५ विरुद्ध ६६.५ असे पुढे गेले. पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो पुनरावृत्तीचा मुद्दा. तेच हृदय पुन्हा मोजले तर साध्या टू-डी इकोचा पंपिंगचा आकडा दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅब घेणाऱ्या बाईच्या हृदयावर औषधाचा परिणाम झाला का, हे पंपिंग दहा टक्क्यांनी घसरले का यावर ठरवायचे असते. मोजपट्टीचीच चूक दहाची असेल तर औषध थांबवायचे कशाच्या भरवशावर? अशा ठिकाणी, आणि इम्प्लांटेबल डिफिब्रिलेटर बसवायचा की नाही हे ३५ च्या रेषेवर अडलेले असते तिथे, एमआरआयचा आकडा घ्यावा. रिपोर्टात पंपिंग ५८ आणि भिंत स्वच्छ दिसत असेल, तर रांगेत उभे राहू नये.

धमन्या स्वच्छ असूनही भिंत बिघडते, तेव्हा या तपासणीचे मोल सर्वांत जास्त. अँजिओग्राफीत काही सापडत नाही, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले ट्रोपोनिन रक्तात वाढलेले आहे, भिंतीचा एक भाग ढिम्म आहे. हा झटका की स्नायूचा दाह? व्रण किंवा सूज भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू झाली असेल तर दोष धमनीचा. बाहेरच्या थरात किंवा मधोमध असेल तर दाहाचा. मानसिक धक्क्यानंतर निलयाचे टोक फुगून स्थिर होते आणि बूड जोरात आकसते, त्याला १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. इथे व्रण बहुधा नसतोच, आणि काही आठवड्यांत भिंत पूर्ववत होते. हृदय ढिले पडून फुगलेल्या ४७२ रुग्णांचा २०१३ चा अभ्यास सांगतो की भिंतीच्या मध्यभागी तंतूंचा पट्टा असलेल्यांत २६.८ टक्के दगावले, नसलेल्यांत १०.६ टक्के, दोन्ही गटांची भिंत मंदच हलत होती. थॅलेसेमियाच्या मुलांत रक्त चढवून चढवून लोह हृदयात साठते. त्यांची भिंत शेवटपर्यंत चांगली हलते आणि मग एकदम कोसळते, म्हणून तिथे हालचालीची वाट न पाहता टी-टू-स्टार हा वेळेचा आकडा मोजतात. तो २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की लोह उतरवण्याची औषधे वाढवायची. आपल्या भागात सर्वांत जास्त आठवण ठेवावी ती क्षयाची. क्षयाने हृदयावरण कवचासारखे कडक झाले की आतला स्नायू धडका देत राहतो पण फुलायला जागा नसते. रुग्णाला श्वास रोखायला न सांगता, उलट खोल श्वास घ्यायला लावून चित्रपट घेतला की दोन निलयांमधला पडदा श्वासागणिक डावीकडे ढकललेला दिसतो; एका कप्प्यात रक्त आले की दुसऱ्याची जागा खाल्ली जाते. पाय सुजलेला, पोट फुगलेला, यकृताच्या आजाराची औषधे घेत हिंडणारा असा रुग्ण शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. भिंत बिघडलेली, स्नायू निर्दोष, आणि दोष बाहेरच्या कवचाचा, याहून चांगले उदाहरण माझ्या मुद्द्याला मिळणार नाही. याची उलट बाजूही आहे: उजव्या निलयाची पातळ भिंत निरोगी माणसातही काही ठिकाणी फुगीर, वाकडी हलते, आणि नवख्या वाचकाने तीत जीवघेणा आनुवंशिक आजार पाहिल्याचे प्रकार जगभर झाले. म्हणूनच त्या आजाराच्या २०१० च्या निकषांत नुसती वाकडी हालचाल पुरेशी धरलेली नाही, तिच्याबरोबर निलयाचे आकारमान किंवा पंपिंगही बिघडलेले असावे लागते.

अडचणी कमी नाहीत. धाप लागलेल्या माणसाला बारा वेळा श्वास रोखायला सांगणे ही क्रूर थट्टा वाटू शकते. आता न थांबता चित्र घेणाऱ्या पद्धती आल्या आहेत, थोडी सफाई कमी मिळते पण चालते. मूत्रपिंडे अगदी निकामी असतील तर जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा आणि सांधे घट्ट करणारा आजार होतो हे २००६ च्या सुमारास उघड झाले; नव्या, घट्ट बांधणीच्या औषधांत तो धोका फार कमी आहे, तरी मूत्रपिंडांचे काम सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय सुई टोचू नये. पेसमेकर म्हणजे एमआरआय बंद, हा समजही जुना झाला. २०१७ मध्ये १,५०९ जुन्या पद्धतीच्या यंत्रधारकांचा अनुभव छापला गेला आणि काळजी घेतल्यास तपासणी निभावते असे दिसले. चुंबकाची भीती मात्र खरी ठेवावी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. हृदयाच्या रुग्णाबरोबर सिलिंडर बऱ्याचदा असतोच, आणि चुंबक कधीही ‘बंद’ नसते. वेळेचा आक्षेप तेवढा आता टिकत नाही. हृदयाचा एमआरआय म्हणजे तासभर, असे समीकरण होते. पेरूमध्ये लंडनच्या डॉक्टरांबरोबर शंभराच्या आसपास रुग्णांवर आटोपशीर पद्धत वापरली गेली आणि हालचाल अधिक व्रण एवढेच दोन प्रश्न विचारून सरासरी १८ मिनिटांत काम झाले. पुढच्या टप्प्यात भारतातही ही पद्धत राबवली गेली.

आता वसईकडे. भारतातल्या झटक्याच्या वीस हजारांवर रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला निम्म्या लोकांना ३६० मिनिटांहून जास्त लागले होते. सहा तासांत भिंतीचा बराचसा व्यवहार आटोपलेला असतो. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, मध्ये खाडी, आणि महामार्गाने जायचे तर वर्सोवा पुलाच्या आसपासची कोंडी. त्या घटकेला एमआरआयचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा ईसीजी आणि जवळची कॅथलॅब हेच औषध. तपासणीच्या मोहात कोणी तासभर घालवला तर तो गुन्हाच. एमआरआयची वेळ नंतर येते, उशिरा पोचल्यामुळे भिंत किती गेली आणि किती उरली हे ठरवायला. आणि तेव्हा यंत्राइतकाच वाचणारा महत्त्वाचा. उपनगरांतली एमआरआय केंद्रे मुख्यतः मेंदू, मणका आणि गुडघा यांवर चालतात. त्याच १.५ टेस्लाच्या यंत्रावर हृदयाचे सॉफ्टवेअर, छातीवरची कॉइल आणि ईसीजीची जोडणी असेल तर चित्र तिथेच घेता येते; ठोक्याशी झगडायला शिकलेला तंत्रज्ञ आणि महिन्याला पुरेशी हृदये वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र प्रत्येक गावात तयार होणार नाही, आणि व्हायलाही नको. चित्र वसईत, वाचन परळ-अंधेरीत, अशी विभागणी आजच्या इंटरनेटवर सहज शक्य आहे. धाप लागणाऱ्या माणसाने गर्दीची लोकल पकडण्यापेक्षा त्याच्या चित्रांनी प्रवास करणे बरे. पवईच्या आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने १.५ टेस्लाचे देशी यंत्र विकसित केले आहे. ते दिल्लीच्या एम्समधल्या चाचण्यांत टिकले तर खर्चाचा आक्षेपही पातळ होईल.

तोवर करण्याजोगी गोष्ट साधी आणि बिनखर्चाची आहे, ती चिठ्ठीवरची. ‘कार्डियाक एमआरआय’ एवढेच दोन शब्द लिहून रुग्णाला पाठवले की केंद्र सगळे क्रम चालवते, तासभर घेते आणि ‘पंपिंग ३४, भिंतीची हालचाल कमी’ असा, इकोत आधीच आलेला, निकाल छापून देते. त्याऐवजी पाठवणाऱ्याने लिहावे: पुढची भिंत इकोत ढिम्म आहे, मार्चमध्ये झटका आला, धमनी उघडली आहे; सतरापैकी कोणत्या भागांत व्रण भिंतीच्या निम्म्याहून खोल आहे ते सांगा. किंवा: धमन्या स्वच्छ, लहानपणी क्षय झाला होता, पाय सुजतात, खोल श्वासावर पडदा पाहा. पहिल्याला चित्रपट आणि गॅडोलिनियम पुरते, दुसऱ्याला कदाचित गॅडोलिनियमही लागत नाही. आणि पुढची तपासणी त्याच यंत्रावर, त्याच सॉफ्टवेअरवर करावी. नाहीतर सहा महिन्यांनी स्ट्रेनचा आकडा बदलला तो हृदयामुळे की कंपनीमुळे, हे सांगणारा कोणी भेटायचा नाही.